गोलकीपरचं गाठोडं

दूध उतू जायच्या बेतात होतं, आमचे हे निम्मी दाढी करून टॉवेल शोधत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. बघते तर भिंतभाऊजी.

भाऊजी धंद्याने रंगारी. यांच्या हौशी फुटबॉल संघात ते गोलकीपर होते, म्हणून नाव पडलं भिंत. एकदा यांचा घोटा मुरगळला, तर याच माणसाने आपल्या शिडीवर यांना आडवं घातलं, दुसरं टोक एकाच्या खांद्यावर दिलं आणि "बाजूला व्हा, कप्तान गेले" असं रडक्या आवाजात ओरडत घरी आणलं. मी हातातलं टाकून धावले. शिडीवरचे हे मात्र खिदळत होते.

संघाचा एक नियम आहे. ज्याच्या चुकीने सामना हरला, त्याने सगळ्यांच्या जर्सी धुवायच्या. गेल्या वर्षी यांनी मागे न बघताच चेंडू गोलकीपरकडे ढकलला, तो सरळ आपल्याच जाळ्यात. चूक धडधडीत यांची, पण सगळ्यांसमोर सांगितलं काय, तर भिंत झोपा काढत होती. नियमाप्रमाणे भाऊजींनी अंगणात बसून चिखलाच्या जर्सी धुतल्या. येणारेजाणारे थांबून टोमणे मारत होते. त्यांच्या बायकोने माझ्याशी बोलणं टाकलं, आणि ते बेकरीवाल्यांच्या संघात गेले.

काल सामना त्या बेकरीवाल्यांशीच होता. हे एका गोलने मागे, आणि अगदी शेवटी यांना पेनल्टी मिळाली. हे चेंडू कुठे मारतात ते भाऊजींना पाठ. कित्येक संध्याकाळी सराव त्यांनीच करून घेतलेला. त्यांनी चेंडू अडवला, छातीशी धरला आणि यांच्याकडे बघून नुसते हसले. घरी येऊन हे न जेवताच झोपले.

आता भाऊजींच्या हातात यांच्या संघाच्या मळक्या जर्सींचं गाठोडं होतं. धुवायची पाळी यांचीच, म्हणून आमचे हे गाठोडं मैदानावरच सोयीस्कर विसरून आले होते.

मी चहाला आत बोलावलं, ते नको म्हणाले. यांनी आवाज ओळखला असावा, कारण न्हाणीघराची कडी लागली.

"वर्षभर वाट बघितली, वहिनी. पण नुसता चेंडू अडवून समाधान झालं नाही."

"मग आता काय राहिलं?"

त्यांनी गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं.

"हे त्याला अंगणात बसून धुऊ द्या. तुम्ही हात लावू नका."