आरशावर ओतलेलं तेल

शनीला भिणाऱ्या माणसांची लोकांना कीव येते, मला चीड येते. कोरगावात अशी माणसं पैशाला पासरी होती आणि त्यांतले एक आमच्याच घरात होते. माझे बाबा. दर शनिवारी कडक उपास करायचा, काजूच्या बागेतलं काम उरकायचं आणि गुडघे कुरकुरत असताना दोन मैल चालत जाऊन मारुतीला तेल घालायचं. कशासाठी, तर शनीची पीडा टळावी म्हणून. एका शनिवारी उपाशीपोटी बागेत चक्कर येऊन पडले, कपाळाला खोक पडली. शुद्धीवर आल्यावर पहिली चौकशी कसली, तर तेलाची बाटली शाबूत आहे ना. त्याच दिवशी मी ठरवलं, ह्यांचा शनिवार बंद करायचा. भांडून काही होत नव्हतं, तीन वर्षं भांडून झालं होतं. त्यांना खरा शनीच दाखवायचा.

मी तेव्हा पेडण्याला एका ऑफिसात कारकून होतो. गोव्याला राज्य मिळालं त्याच्या आदलं वर्ष. आमच्या ऑफिसात उंडे-पाव आणि पातळ भाजी खाता खाता मराठी की कोंकणी ह्यावर रोज घसे कोरडे व्हायचे. दोन्ही भाषांत मिळून एक अर्ज वेळेवर निघत नसे. मला आकाश बघायचा नाद आहे हे कळल्यावर हेडक्लार्कने हात पुढे केला आणि त्याची बढती कधी ते विचारलं. त्यानंतर त्या ऑफिसात मी आकाशाचं नाव काढलं नाही. गाढवाला गुळाची चव काय?

दुर्बीण विकत घेण्याची ऐपत नव्हती. आमोण्याला खनिज वाहणाऱ्या बार्ज-बोटींच्या दुरुस्तीच्या कारखान्यात माझे मामा होते, त्यांनी मोडीत निघालेल्या बार्जच्या खिडक्यांच्या दोन गोल जाड काचा आणून दिल्या. वाळूने भरलेल्या पिंपावर एक काच बसवायची, वर पाणी आणि घासायची पूड टाकायची, त्यावर दुसरी ठेवून घासायची, एक पाऊल सरकून पिंपाला फेरी घालायची, परत घासायची. असं करत वरची काच हळूहळू खोलगट होते आणि तिचा आरसा बनतो. दोन पावसाळे मी त्या पिंपाभोवती फिरलो. येणारेजाणारे विचारायचे, कोणाचं पीठ दळतोस? मी पुढचं पाऊल सरकायचो. शेवटी पुण्याला पाठवून आरशावर चकचकीत मुलामा चढवून आणला, एका लांब पाइपाच्या तळाशी बसवला, आणि दसरा उलटून आकाश मोकळं झालं तशी दुर्बीण अंगणात मांडली.

दिवेलागणीला आमच्या वाड्यावरची अर्धी वस्ती जमली. पहिला मान अर्थातच भटजींचा. चाळीस वर्षं हा माणूस लोकांच्या पत्रिकांत शनीला ह्या घरातून त्या घरात हलवत होता. मी म्हटलं, आधी नुसत्या डोळ्यांनी दाखवा बघू, शनी कुठला? त्यांनी मान वर केली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि खाकरून म्हणाले की आज मळभ आहे. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. मला इतका आनंद झाला की काय सांगू. बाकीच्यांनी बघितलं आणि म्हणाले, इतकोच? एकाने ह्यातून म्हापसा शहर दिसतं का ते विचारलं. कडं घातलेला तो इवलासा पिवळा गोळा त्या पाइपातून मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो मावळेपर्यंत मी डोळा काढला नव्हता, आणि ह्यांना म्हापसा हवं होतं.

बाबा सगळ्यांत शेवटी आले. आंघोळ करून आले होते. चपला लांब काढून ठेवल्या, वाकले आणि बराच वेळ डोळा लावून राहिले. मग विचारलं की हा सध्या विंचवातच आहे ना. मी त्यांना बोटाने विंचू दाखवला, त्यातली लाल तारका ज्येष्ठा दाखवली, शनी तिच्याच शेजारी होता. विंचवातून तो कधी बाहेर पडणार, असं त्यांनी विचारलं. वर्षअखेरीला, मी सांगितलं, आणि मग सुटलोच. हा वायूचा गोळा आहे, कडी म्हणजे बर्फाचे तुकडे, सूर्याभोवती एका फेरीला ह्याला एकोणतीस वर्षं लागतात, कोरगावातल्या कोणाच्या गुडघ्याशी ह्याचं काडीचं देणंघेणं नाही. ते मान हलवत राहिले. मी खूश होतो, आपल्या व्याख्यानावर जास्तच.

पुढच्या शनिवारी ते देवळात गेले नाहीत. मी म्हापशाला निघालो तेव्हा पडवीत बसून होते. पायांत चपला नाहीत, हातात बाटली नाही. जिंकलो, म्हटलं. बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसालाही मी विज्ञानाचा विजय ऐकवला.

दुपारी परतलो तर पडवीत दुर्बिणीचा पाइप उभा. त्याला रुईच्या पानांची माळ, पुढ्यात दिवा. जमिनीवर तेलाचं थारोळं आणि त्यात काळे उडीद. पाइपाच्या वरच्या तोंडातून त्यांनी साग्रसंगीत तेल आणि उडीद ओतले होते. संध्याकाळी मला दुर्बीण लागेल, म्हणून नंतर तळाचा आरसा सोडवून घेतला होता आणि मांडीवर धरून नारळाच्या काथ्याने, चुलीतल्या राखेने घासत होते. देवाची भांडी घासावीत तसे, मनापासून. मुलामा कधीच गेला होता. काचेतून त्यांच्या पंच्याचे चौकडे दिसत होते.

मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. अडाणी हा त्यातला सगळ्यांत सौम्य शब्द होता. ते घासायचे थांबले.

"तूच म्हणालंस, हेच्यात शनी दिसता," ते म्हणाले. "मगे इतक्या लांब देवळात कित्याक जाव?"

मी ओरडलो, तुमची ती साडेसाती एकदाची चुलीत घाला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, थोडं नवल होतं.

"माका खंय साडेसाती?" ते म्हणाले. "ती तुजी."

पाच वर्षांपूर्वी मी बी.एस्सी. होऊन घरी बसलो होतो, कुठेच नोकरी लागत नव्हती, भटजींनी माझी पत्रिका पाहिली होती. मला सांगायचं नाही असं बाबांनी त्यांना बजावलं होतं, मी हसलो असतो म्हणून. ह्यात शंका नाही, मी हसलोच असतो. सत्तावीस नक्षत्रं मला तोंडपाठ होती, माझा जन्म कुठल्या नक्षत्रावरचा ते मी कधी विचारलं नव्हतं. ज्येष्ठा. रास वृश्चिक.

काच अजून त्यांच्या मांडीवर होती. मी खाली बसलो आणि विचारलं, अजून किती राहिली.

"तो विंचवातसून भायर पडलो काय मगे अडीच वर्सां," ते म्हणाले, आणि राखेचा हात पुसून चपला शोधू लागले. देवळात जायला अजून उजेड होता.