टायफॉइड न झालेला उमेदवार

हनुमा गेल्याचं मला त्याच्या मुलाने फोनवर सांगितलं. मी गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. "काका, अप्पा सकाळी गेले… झोपेतच," एवढंच तो बोलला. खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी मनात आलं, की बरं झालं, गेल्या महिन्यात त्याच्याकडे जाऊन आलो. नसतो गेलो तर आज हा लेख लिहायचं धैर्य मला झालं नसतं, आणि न लिहिता मला नीट मरताही आलं नसतं.

तेराव्यानंतर पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, आमच्या समाजाच्या सभागृहात शोकसभा झाली. हनुमंतरावांनी कारखान्यात किती मोठी जबाबदारी सांभाळली, निवृत्तीनंतर किती मुलांना गणित शिकवलं, हे सगळे बोलले. मग एक जुने पदाधिकारी उठले आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. बेंगळुरूच्या मराठी घरांतून साठ वर्षं सांगितली जाणारी गोष्ट. थर्ड क्लासमध्ये मॅट्रिक झालेल्या एका मुलाला इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळावी म्हणून शेजारच्या पुणेकर गृहस्थांनी शब्द टाकला, आणि स्वतःचा मुलगा फर्स्ट क्लास असूनही त्याच्यासाठी मात्र तोंड उघडलं नाही. केवढी ती तत्त्वनिष्ठा! ते पुणेकर गृहस्थ म्हणजे माझे वडील, आणि तो फर्स्ट क्लास मुलगा म्हणजे मी. लोक मागे वळून माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. ही गोष्ट खोटी आहे. ती मीच तयार केली.

पन्नासच्या दशकात बाबा पुण्याहून इथल्या एका सरकारी कारखान्यात नोकरीला आले. बसवनगुडीत आम्ही भाड्याने घर घेतलं. मधल्या भिंतीपलीकडे हनुमाचं घर. त्यांचे पूर्वज शिवाजी महाराजांच्याही आधी इकडे आले, असं त्याचे वडील सांगत. चिक्कपेटेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांची मराठी ऐकून माझी आई पहिले काही दिवस पदर तोंडाला लावून हसायची, आणि आमची ऐकून त्याची आई हसायची. या बाईंना सगळी गल्ली अक्का म्हणे. "तुमची मराठी पेपरात छापल्यासारखी आहे हो," त्या आईला म्हणायच्या, "जेवताना पण अशीच बोलता काय?"

हनुमा आणि मी एका वर्गात होतो. मी पहिल्या बाकावरचा, तो खिडकीजवळचा. आम्ही एस.एस.एल.सी.ला, म्हणजे मॅट्रिकला, होतो त्या वर्षी जवळच्या मैदानात एका कन्नड नाटक कंपनीने तंबू ठोकला आणि हनुमाचा अभ्यास संपला. रोज संध्याकाळी तो तंबूत. राजाचे, विदूषकाचे, दोन्ही राण्यांचे संवाद त्याला पाठ झाले. भूगोल झाला नाही. निकाल लागला तेव्हा तो जेमतेम थर्ड क्लासमध्ये पास झाला होता. पुढे इंटरमीजिएटला मात्र काय झालं कोण जाणे, गणिताने त्याला धरलं. भाजी आणायला निघालेला हा मुलगा रस्त्यात उभा राहून काठीने मातीत वर्तुळं काढू लागला. इंटरमीजिएटला त्याला गणितात माझ्यापेक्षा जास्त गुण पडले. मला ते आवडलं नाही. आज हेही लिहून टाकतो.

दोघांनीही शहरातल्या सगळ्यात अवघड प्रवेशाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात अर्ज केला. तिथे इंटरमीजिएटच्या गुणांबरोबर जुने मॅट्रिकचे गुणही बघत, आणि मग मुलाखत घेत. अक्का काळजीत पडल्या. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एक गृहस्थ बाबांच्या ओळखीचे आहेत, हे त्यांना कुठूनतरी कळलं. एका रविवारी सकाळी त्या आमच्या दारात आल्या, आत आल्याच नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, "अण्णा, मी कधी कुणाला काही मागितलं नाही. पोराचे मॅट्रिकचे मार्क कम्मी आहेत. तुम्ही स्वल्प सांगा की."

बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. "बघतो," म्हणाले. त्यांनी काही बघितलं नाही. बघण्यासारखी त्यांची स्थितीच नव्हती, कारण त्याच्या आदल्याच आठवड्यात ते त्या गृहस्थांच्या घरी जाऊन आले होते, माझ्यासाठी. परत आल्यावर मला अंगणात बोलावून हळूच म्हणाले होते, "मी बोललोय. तू घाबरू नकोस. आणि हे कुठे बोलायचं नाही." वशिला होता तो असा, आणि माझा होता.

मुलाखतीच्या आधी गल्लीतल्या प्रत्येकाने हनुमाला एकच सल्ला दिला. मॅट्रिकच्या गुणांबद्दल विचारलं तर टायफॉइड झाला होता म्हणून सांग. मीही दिला. "किती दिवस पडून होतास विचारलं तर?" त्याने मला विचारलं. "एकवीस," मी म्हणालो, "डॉक्टर एकवीसच सांगतात." त्याने बोटांवर एकवीस दिवस मोजून पाहिले. मग म्हणाला, "अरे, पण मला तर साधी सर्दी पण झाली नाही त्या वर्षी."

मुलाखतीत मला व्याख्या विचारल्या, मी घडाघडा म्हटल्या. मग एकाने विचारलं, "असंच का?" आणि मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. बाबांच्या ओळखीच्या गृहस्थांनी हसून विषय बदलला, तरी माझ्या तोंडून पुढे काही नीट निघालं नाही. माझ्यानंतर हनुमा आत गेला आणि बाहेर येईना. किती वेळ गेला देव जाणे. आला तेव्हा त्याचे दोन्ही तळहात आणि शर्टाची बाही खडूने पांढरी झाली होती. काय झालं विचारलं तर म्हणाला, "गणित घातलं. चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. मग आलं." त्याला वाटत होतं, गेलं सगळं.

कॉलेजच्या फळ्यावर नावं लागली त्या दिवशी आम्ही दोघं एकाच सायकलवरून गेलो. त्याचं नाव होतं. माझं नव्हतं. परत येताना तो मागे बसला होता. मी सायकल मारत होतो आणि घरी काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो.

आमच्या ओसरीवर आई, अक्का आणि शेजारच्या दोघी वाट पाहत बसल्या होत्या. हनुमाचं कळल्यावर अक्का रडायलाच लागल्या. मग आई माझ्याकडे वळली. "आणि तुझं रे?" मी म्हणालो, "बाबांना एकाच मुलासाठी सांगता येत होतं. त्यांनी हनुमाचं सांगितलं. स्वतःच्या मुलासाठी सांगणं त्यांना पटलं नाही." हे वाक्य मी सायकलवर तयार केलं होतं. ते इतकं चांगलं जमेल असं मला वाटलं नव्हतं. माझं अपयश एका क्षणात आमच्या घराचा त्याग झालं.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा अक्का नारळ, केळी, विड्याची पानं ठेवलेलं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला आणि हनुमालाही करायला लावला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "अहो, मी काही…" एवढं म्हणून ते थांबले. नाही म्हणावं, तर मग कोणासाठी बोललात, हा प्रश्न येणारच होता. बापलेक दोघंही त्या दिवशी गप्प राहिलो, आणि राहिलोच. त्यानंतर दर दसऱ्याला ते ताट यायचं. अक्का होत्या तोवर त्या घेऊन यायच्या, नंतर हनुमा. मरण्याच्या थोडं आधी बाबा मला म्हणाले होते, "त्या मुलाला मी कधी नीट आशीर्वाद देऊ शकलो नाही रे."

हनुमाला मात्र याची किंमत पडत गेली. त्याला वर्गात वरचे गुण मिळाले की लोक म्हणत, सुरुवात शिफारशीने झाली पण मुलाने नाव राखलं. त्याच्या लग्नाच्या बैठकीत मुलीच्या मामांनी सगळ्यांदेखत विचारलं, "जावईबापू, कॉलेजात कुणाच्या तरी शब्दावर गेलात म्हणे?" हनुमा हसला. मी पुढ्यातल्या बशीतलं उप्पीट चिवडत राहिलो. माझं तसं काही वाईट झालं नाही. मी बी.एस्सी. झालो, बँकेत लागलो, व्यवस्थित संसार केला. म्हणूनच असेल, ते आतमध्ये टोचत राहिलं.

गेल्या महिन्यात त्याच्या जयनगरच्या घरी गेलो तो ठरवूनच. तो पलंगावर उशीला टेकून बसला होता, फार बारीक झाला होता. मी प्रस्तावना करू लागलो. "हनुमा, त्या वेळी परिस्थिती अशी होती…"

"त्या प्रवेशाचं ना?" तो म्हणाला. "सुम्ने गप्प बस. मला गोत्तु आहे."

दुसऱ्या वर्षाला असतानाच त्याला कळलं होतं. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एक प्राध्यापक त्याला मेकॅनिक्स शिकवत. ते एकदा भर वर्गात म्हणाले होते, "त्या दिवशी सकाळपासून मॅट्रिकला कमी गुण पडलेला प्रत्येक मुलगा टायफॉइडमधून उठून आला होता. हा एकटा म्हणाला, सर, मी नाटकं बघत होतो. मग आम्ही म्हटलं, याला एक अवघड गणित घालून बघू." नंतर हनुमाने त्यांना एकट्याने गाठून सरळ विचारलं, माझ्यासाठी कोणी शब्द टाकला होता का. ते म्हणाले, तुझ्यासाठी कोण येणार?

"मग बोलला का नाहीस इतकी वर्षं?" मी विचारलं.

"अक्काने जन्मात एकदाच कुणाच्या दारात जाऊन मागितलं. तिला वाटत होतं, ते मिळालं. पोराला आपण कॉलेजात घातलं म्हणून ती खूश होती. ते कसं काढून घेऊ?" मग जरा दम घेऊन म्हणाला, "आणि फळ्यासमोर तुझं तोंड बघितलं होतं मी. तुला घरी न्यायला काहीतरी पाहिजे होतं. स्वल्प खोटं नेलंस. सरी, चालतंय."

तेव्हा मी त्याला बाबांनी माझ्यासाठी शब्द टाकल्याचं सांगितलं. हे त्याला ठाऊक नव्हतं. "अय्यो पाप," तो म्हणाला, "बिचारे अण्णा! इतके दसरे माझा नमस्कार घेत बसले…" आणि हसता हसता त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं. निघताना म्हणाला, "आता अक्का नाही, अण्णा नाहीत. लिही पाहिजे तर. पण मी गेल्यावर. नाहीतर लोक मलाच विचारत बसतील."

शोकसभेनंतर मी त्यांच्या घरी गेलो. हनुमाची नात मेघना त्याच्या खोलीत बसली होती. दहावीला तिला कमी गुण पडले होते, बारावीला चांगले, आणि आता ती मोठमोठ्या कॉलेजांत अर्ज करते आहे. मला म्हणाली, "अज्जा, आजोबांसाठी सांगायला तुमचे वडील होते. माझ्यासाठी कोण आहे?" मी तिला टायफॉइडचं, नाटकाच्या तंबूचं, दोनदा चुकलेल्या गणिताचं सगळं सांगितलं. ती इतकी मोठ्याने हसली की तिचा बाप आतून बघायला आला. मग ती उठून आत गेली आणि एक कप कॉफी आणि दोन पेले घेऊन आली. हनुमाची ती सवय होती. घरातसुद्धा तो कॉफी हॉटेलातल्यासारखी बाय-टू करायचा, एकाची दोघांत, आणि समोरच्याच्या पेल्यात नेहमी जास्त ओतायचा. तिनेही तसंच ओतलं.

"परत सांगा," ती म्हणाली, "पहिल्यापासून."

मी परत सांगितलं. पहिल्या वेळी एक गोष्ट गाळली होती, ती या वेळी गाळली नाही. बाबा कोणासाठी बोलले होते, ते सांगितलं. तिने पेला खाली ठेवला.

"अय्यो अज्जा! म्हणजे वशिला असून तुम्हाला मिळालं नाही?"

साठ वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. "नाही मिळालं," मी म्हणालो, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो, हनुमाच्या खोलीत, त्याची कॉफी पीत.