पटाच्या रानात शिकलेली गाडी

मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फिट आली तेव्हा ते ओसरीवर दाढी करत होते. गाडी चालवत असते तर मागे बाया असत्या. ही गोष्ट माझ्या मनातून जातच नव्हती.

आमची जुनी व्हॅन आहे. गावातल्या बायांना सकाळी मिरचीच्या शेडनेटवर, म्हणजे जाळीच्या मांडवात, सोडायचं आणि दिवस मावळायच्या आत परत आणायचं, हा मालकांचा धंदा. बियाण्याचं काम असतं. एका झाडाच्या फुलातली पूड दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावायची. त्याला आमच्याकडे सगळे क्रॉसिंग म्हणतात. मीही त्याच कामाला जाते. व्हॅनमध्ये मी नेहमी मागे, दाराजवळ बसायचे, कारण तिथं कुणी फार बोलत नाही.

जालन्याच्या डॉक्टरांनी मालकांना गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, आता गाडी चालवायची नाही. मालकांनी मान हलवली. दवाखान्याच्या जिन्यातच मला म्हणाले, "चक्कर आल्ती नुस्ती. उपाशी व्हतो."

"अहो, डॉक्टर काय म्हणले ते ऐकलं ना?"

"ऐकलं. पर काम चालू झालं की बायांना काय डॉक्टर नेणार हाय का?"

तेव्हा काम बंद होतं. मिरचीची रोपं लहान होती, फुलं यायला वेळ होता. म्हणजे फुलं आली की हे पुन्हा गाडीवर बसणार आणि मागे मी आणि सगळ्या बाया. दुसरा ड्रायव्हर ठेवायचं मी सुचवून पाहिलं. आपली गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हटलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. मग एके दिवशी भाकरी वाढताना मी म्हणाले, "मला शिकवा."

"काय?"

"गाडी."

ते हसले नाहीत, याचं मला नवल वाटलं. नुसतं म्हणाले, "चार माणसांपुढं तुझा आवाज निघत न्हाई. गाडी चालवशील?"

"गाडीला कुठं बोलावं लागतं," मी म्हणाले.

शिकायला जागा मिळाली ती शंकरपटाची. गावाबाहेर बैलांच्या शर्यतीचं रान आहे. लांबच लांब सरळ पट्टी, माती दाबून कडक केलेली, आणि शेवटाला बैल थांबवायला मोकळी भुसभुशीत जागा. शर्यती झाल्या की तिकडे कुणी फिरकत नाही. मला तेच हवं होतं.

पहिल्या दिवशी मालक डावीकडे बसले. लर्निंग लायसन मी आधीच काढलं होतं. त्या खुणा आणि पाट्या पाठ करायला चौथीपर्यंतचं वाचणं पुरलं. गाडीचं इंजिन आमच्या सीटखाली असतं. थंडीचे दिवस होते, त्यामुळे मांड्यांना ऊब लागत होती. मालक म्हणाले, "शर्यतीच्या त्या चपट्या गाड्या असतात ना, कोटीच्या, त्यांचं बी इंजिन असंच मधात असतं. मेस्तरी सांगत व्हता. वजन मधात असलं की गाडी जल्दी वळती."

"मग आपली कोटीची का नाही?"

"आपली खटारा हाय म्हणून. चल, क्लच दाब."

गाडी सुटली, सरळ जाऊ लागली. मला बरं वाटलं. माहेरी मी लहानपणापासून बैलगाडी हाकली आहे, सरळ रस्त्याची भीती नव्हती. पट्टीचा शेवट आला तसे मालक म्हणाले, "थांबव."

आणि मी थांबवली, जशी बैलं थांबवतात तशी. दोन्ही पाय पुढच्या फळीला रोवायचे, अंग मागे टाकायचं, कासरा छातीशी ओढायचा आणि म्हणायचं, "हो, हो!" मी स्टिअरिंग छातीशी ओढलं, पाय रोवले. उजवा पाय बरोबर एक्सलेटरवर रोवला गेला. जितकं मी ओढत होते तितकी गाडी पळत होती. मालक ओरडत होते, मी "हो, हो" करत होते. भुसभुशीत जागा संपली, बांध आला, गाडी बांधावर चढून पलीकडच्या नांगरटीत जाऊन बंद पडली.

धूळ खाली बसली. मग मालक म्हणाले, "अगं, इतकी पळाली असती तं पटात पयला नंबर आपलाच व्हता."

मला रडू यायला लागलं होतं, ते थांबलं. पण हसूही येईना. मला एकच दिसत होतं. मी शिकले नाही तर हे चालवणार.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, फक्त बांधाच्या अलीकडे. पाय आपोआप रोवले जात. इतक्या वर्षांची सवय. मालकांनी पुष्कळ डोकं लढवलं. चप्पल काढायला लावली, सीट मागे सरकवली. शेवटी त्यांनीच रीत काढली. गाडी बंद करून म्हणाले, "आता नुस्तं हो म्हण, आन् म्हणताना उजवा पाय ब्रेकवर ने. पुन्हा म्हण. पुन्हा."

"बंद गाडीत?"

"बंद गाडीतच. बैलाला आधी दावणीला शिकवत्यात का न्हाई?"

त्या दिवशी आम्ही गाडी चालूच केली नाही. मी बंद गाडीत बसून "हो" म्हणत होते आणि पाय नेत होते. बांधावरून शेळ्या नेणारी एक म्हातारी थांबून पाहत राहिली. "काय झालं गं बाईला?" तिनं विचारलं. मालक म्हणाले, "काही न्हाई मावशी, गाडी माणसाळून राह्यलो." मी तोंडावर पदर घेतला, पण पाय हलवायचा थांबवला नाही. घरी चुलीपुढे बसूनही पाय हलवत होते. हळूहळू ते दोन्ही एकमेकांना चिकटले. तोंडातून हो निघालं की पाय ब्रेकवर.

वळण मात्र वेगळंच शिकावं लागलं. आम्ही अगदी पुढच्या चाकावर बसतो, नाकापुढे काहीच नाही. त्यामुळे वळायची घाई होते. आणि वळताना भीती वाटली की मी मध्येच हो म्हणायचे. एकदा भुसभुशीत मातीत असा मध्येच ब्रेक दाबला, तर गाडीचा मागचा भाग सुटला आणि गरकन फिरून आम्ही आलो त्या दिशेला तोंड करून उभे राहिलो. मालकांनी दोन्ही हातांनी दार धरलं होतं.

"हो आधी म्हणायचं," ते म्हणाले. "वळणाच्या आधी. एकदा वळाय लागली की तिला तिचं जाऊ दे. जिकडं जायचं तिकडं बघ फक्त."

हे मला पटलं. त्यानंतर मातीत आठाचा आकडा काढायला लागले.

लायसनच्या परीक्षेचा दिवस शुक्रवार आला. मिरचीला फुलं आली होती, काम सोमवारी सुरू होणार होतं. आमच्या बायांची मुकादमबाई घरी येऊन सांगून गेली होती, "दाजी, सोमवारी सकाळी टायमाला या बराबर." मालक "येतो" म्हणाले होते. माझ्यासमोर म्हणाले होते.

जालन्यापर्यंत मीच गाडी नेली, शेजारी मालक. आरटीओच्या ट्रॅकवर पुष्कळ पोरं उभी होती, बाई मी एकटीच. मालक कुंपणाबाहेर थांबले. साहेब माझ्या शेजारी येऊन बसले आणि नाव विचारलं. माझा आवाज निघाला नाही. त्यांनी कागदावर बघून घेतलं.

आठाच्या आकड्यात शिरण्याआधी मी हळूच म्हणाले, "हो." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पुढच्या वळणाआधी पुन्हा म्हणावंच लागलं. मग चढाची जागा आली. तिथं थांबायचं आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं. मला कळत होतं, इथं हळू म्हणून पाय हलणार नाही. मी मोठ्यांदा म्हणाले, "हो! हो!"

गाडी जागेवर थांबली. पोरं हसली.

"कुणाशी बोलता बाई?" साहेबांनी विचारलं.

"गाडीशी."

"ऐकते का?"

"ऐकती साहेब." हे मी कसं बोलले मला माहीत नाही. हँडब्रेक सोडला, गाडी चढ चढून पलीकडे उतरली. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि उतरताना म्हणाले, "झाल्या पास. हॉर्न मात्र वाजवत जा. रस्त्यावर माणसं असतात, बैलं नसतात."

मी कुंपणाकडे पाहून मान हलवली. मालक मटकन खाली बसले. मी घाबरून धावले. वाटलं, पुन्हा फिट. पण ते नुसते बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि डोळे पुसत होते. मी त्यांना इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

घरी येताना बदनापूरच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

"परत आल्ती," ते म्हणाले.

"काय?"

"फिट. मागच्या आठवड्यात, रानात. हरभऱ्यात पडलो व्हतो. उठलो तं तोंडात माती."

"सांगितलं का नाही?"

"सांगून काय? तू अजून शिकून राह्यली व्हती."

"आन् सोमवारी?" माझा आवाज चढला होता. "मुकादमबाईला येतो म्हणलात."

त्यांनी समोर रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणलो. आन् रोज रात्री झोप न्हाई. तू नापास झाली असती तं मी चालवली असती, का न्हाई म्हणून सांगितलं असतं, मलाच म्हाईत न्हाई."

मला राग यायला हवा होता, आलाही थोडा. पण त्याच्याखालून काहीतरी मोकळं होत गेलं. इतके दिवस मला वाटत होतं भीती माझ्या एकटीची आहे. मी गाडी वळवली आणि पुन्हा जालन्याला दवाखान्यात नेली. ते नको म्हणाले नाहीत. डॉक्टरांनी गोळी बदलली. या गोळीनं झोप फार येईल, म्हणाले.

सोमवारी मला पुढे बसलेली पाहून मुकादमबाई दारातच थांबली. "वैनी, तुमी? आम्हाला वापस बी आणणार ना?"

"बसा," मी म्हणाले.

"दाजी, इमा काढलाय का आमचा?"

"तू आधी दार लाव," माझ्या डावीकडून मालक म्हणाले. "वारं येऊन राह्यलं."

मागे बाया हसत होत्या, मग गप्पांना लागल्या. पुढच्या गावाचं वळण येईपर्यंत कुणाचं माझ्याकडे लक्षही राहिलं नाही. शेडनेटपाशी गाडी उभी केली तेव्हा मालक नव्या गोळीनं डाव्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपले होते. बाया डबे घेऊन उतरल्या. मी मालकांच्या अंगावर माझी शाल टाकली, काच थोडी खाली ठेवली, किल्ली काढून कमरेला खोचली आणि बायांच्या मागे कामाला गेले.