कढईतलं बेअरिंग

मामांच्या बोटांना वास यायचा. नासक्या अंड्यासारखा, गिअर ऑइलचा. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या बेलापुरात सासऱ्याला मामा आणि सासूला आत्याच म्हणतात. तर हा माणूस तीच बोटं पायजम्याला पुसून थेट भाकरीच्या दुरडीत घालायचा. शी! ते जाऊन वर्ष होत आलं, तरी आठवलं की घास फिरतो. साबण पुढे केला तर म्हणायचे, "ही घाण न्हाई सूनबाई, वंगण हाय."

सगळी भानगड त्यांच्या जुन्या फियाटची. क्लच जळलेला, गिअर पडत नव्हता, आणि ती वर्षानुवर्षं पडवीत बसून होती. "मिस्तरीला काय कळतंय?" हे मामांचं पालुपद. म्हणून गिअरबॉक्स उतरवला तो घरीच, माझ्या लग्नातल्या गादीवर. दातेरी चाकं पुरणाच्या परातीत डिझेलमध्ये बुडवली. बेअरिंग शाफ्टवर चढेना, तर ते माझ्या तळणाच्या कढईत तेलात तापवलं, आणि शाफ्ट ठेवला फ्रीजमध्ये, दुधाच्या पिशव्यांशेजारी. वर मलाच शिकवणी, "गरम फुगतं, गार आकसतं." मी ती कढई भंगारात टाकली. नवरा म्हणाला, "वय झालंय त्यांचं." वय झालं म्हणून माणसानं ताळतंत्र सोडायचं?

त्यात नेवाशाहून निरोप आला. आत्यांचे थोरले भाऊ अंथरुणाला खिळले होते आणि बहिणीची वाट बघत होते. फार दिवस काढणार नाहीत, हे सगळ्यांनाच कळत होतं. आत्या म्हणाल्या, "मला आजच एसटीत बसवून द्या." मामा उखडले. "मी जिता असताना तू एसटीनं माहेरी जानार? दसऱ्याला माझ्या गाडीत नेतो तुला. दोघं मिळून सोनं दिऊ त्याला." आत्यांनी भरलेली पिशवी परत खुंटीला अडकवली. मला त्यांचाही राग आला.

खंडेनवमीला घरोघर हत्यारांची पूजा असते. आमच्या पाटावर विळे, नट आवळायचे पाने, टॉमीचा लोखंडी दांडा आणि मधोमध कोरी क्लच प्लेट. कुंकू चिकटावं म्हणून मामांनी ते तुपात कालवलं आणि प्लेटच्या दोन्ही अंगांना ठसठशीत स्वस्तिक काढलं. मग प्लेट तशीच गाडीत चढवली. ती बरोबर मध्यावर बसावी म्हणून आत घातलं माझं लाटणं! आधी ती प्लेट पुसून घ्या म्हटलं, तर म्हणे, "देवापुढची वस्तू पुसत्यात व्हय?"

दसऱ्याला मामा, आत्या आणि मी असे तिघं निघालो. गाव सुटलं आणि पहिल्याच चढावर इंजिन नुसतं बोंबलायला लागलं, गाडी पुढे सरकेना. क्लच घसरत होता. त्या प्लेटला तेलातुपाचा थेंबही चालत नाही, हे मला नवऱ्यानं नंतर सांगितलं. मामांना ते चांगलं ठाऊक होतं, पण पूजेचं तूप त्यांच्या हिशेबात तूपच नव्हतं. जळक्या तुपाचा असा वास सुटला की मला रस्त्याकडेला उलटी झाली. मी एका टेम्पोला हात केला, तर मामांनी गाडीखालून ओरडून तो घालवला. "झालंच हाय, पाच मिन्टं!" दुपार टळली. आत्यांच्या मुठीत आपट्याची पानं होती. तेवढ्यात माझा फोन वाजला. भाऊ गेले होते.

आत्या रडल्या नाहीत. मागून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोला त्यांनी स्वतः हात केला आणि वर चढल्या. मी त्यांच्या मागे. मामा अंगभर काळे, हातात पाना धरून रस्त्यात उभे. इतकी चीड मला कधी कुणाची आली नव्हती.

तेराव्याला मामा फियाट घेऊन नेवाशाला हजर. दुसरी प्लेट टाकून आणली होती. जेवणं झाल्यावर दारात येऊन म्हणाले, "चल, आता लोन्यासारखी चालतीया."

आत्या म्हणाल्या, "आता कुनाला दाखवायची हाय?" आणि मला घेऊन एसटीत बसल्या.

मी मागच्या काचेतून बघत होते. मामा एसटीमागून येत होते. रस्ता मोकळा असला तरी पुढे जात नव्हते. एसटी थांबली की थांबायचे, सुटली की निघायचे. एवढी किळस यायची मला या माणसाची, पण तेव्हा रडू आलं.

"येतायत का मागं?" आत्यांनी मान न वळवता विचारलं.

"येतायत."

"येऊ देत," त्या म्हणाल्या. मामा वारेपर्यंत आत्या त्या गाडीत बसल्या नाहीत.