हलकं आयोडीन, जड आयोडीन

आमच्या शाळेत रसायनशास्त्राच्या बाईंना सगळे अणूबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांना ते आवडायचंही. मी गणित शिकवते; स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी. बाई जीवाला जीव देणाऱ्या, पण हेकट. एखादी गोष्ट आपल्याला कळली आहे असं त्यांनी एकदा ठरवलं, की मग ब्रह्मदेव आला तरी त्या हलायच्या नाहीत.

शिकवायची त्यांची रीत न्यारीच. वर्गातली बाकं भिंतीला लावायची, मधे मुलींचा घोळका उभा करायचा, काही प्रोटॉन, काही न्यूट्रॉन, आणि इलेक्ट्रॉन झालेल्या मुलींना भोवती पळवायचं. प्रोटॉन बदलला की मूलद्रव्यच बदललं. न्यूट्रॉन वाढला तर नुसतं वजन वाढलं, पळणाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही. या गोंधळात शेजारच्या वर्गात माझी समीकरणं कुणाला ऐकू जायची नाहीत. मी भांडायला जायचे, त्या हसायच्या.

बाईंचा नवरा कधीच गेलेला, एकुलती एक मुलगी. ती नोकरीला लागली आणि तिच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडचा कॅन्सर. ग्रंथी काढून टाकली, तरी फुप्फुसात काही पेशी पसरल्या होत्याच. त्यांच्यावर किरणोत्सारी आयोडीन द्यायचं ठरलं. पोरगी घाबरून अर्धी झाली होती. बाईंनी तिला समजावलं, की या पेशी आयोडीनला हपापलेल्या असतात. त्या ते आपणहून आत घेतात आणि त्याच्याच किरणांनी मरतात. तिचा जीव भांड्यात पडला. लहानपणापासून तिला आईने सांगितलेलं पटायचंच.

औषधाआधी काही आठवडे पथ्य होतं. दूध नाही, अंडी नाहीत, मीठ बिनआयोडीनचं. तसलं मीठ मधेच संपलं आणि दुकानांत मिळेना. मुलगी आधीच ताट बाजूला सारत होती. बाईंनी सरळ नेहमीचं मीठ घालायला सुरुवात केली, आणि मला ते तोऱ्यात सांगितलंही. मिठातलं आयोडीन स्थिर असतं, औषधातल्यापेक्षा त्यात चार न्यूट्रॉन कमी, त्यातून किरण निघत नाहीत, मग अपाय कशाने होणार? हॉस्पिटलचे नियम विज्ञान न शिकलेल्यांसाठी असतात, असं त्यांचं म्हणणं. मी मान डोलावली. मला काय कळतंय त्यातलं.

औषध दिल्यावर मुलीला वेगळ्या खोलीत ठेवलं. जवळ जायला मनाई, म्हणून बाई शाळेत आल्या. धडा नेमका समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचा होता. एक बाक म्हणजे पेशी; दारात दोन प्रकारची आयोडीन, हलकी आणि जड. पेशी कुणाला आत घेईल, असं त्यांनी विचारलं.

"जो आधी येईल त्याला," मागून एक मुलगी म्हणाली. "तिला दोघं सारखेच, बाई. बाक भरला की दुसरा बाहेर."

शेजारचा गोंधळ एकाएकी थांबला म्हणून मी बघायला गेले. बाई त्या बाकावर बसल्या होत्या आणि मुली भेदरून भिंतीशी उभ्या होत्या.

"पोटभर जेवू घातलं मी त्या पेशींना," त्या मला म्हणाल्या. "औषधाला जागाच ठेवली नाही."

त्याच दुपारी त्यांनी स्वतः डॉक्टरांना सगळं सांगितलं. तेवढी हिंमत त्यांच्यात होती. स्कॅन झाला तेव्हा फुप्फुसात औषध जवळजवळ उतरलंच नव्हतं. पुढचा डोस लगेच देता येत नाही, काही महिने थांबावं लागतं, आणि रोगही तेवढा थांबेल अशी हमी डॉक्टर देईनात. मला बाईंचा भयंकर राग आला. त्यांच्याकडे बघितलं आणि तो राग कुठे ठेवावा तेच कळेना.

मुलीला खोलीबाहेर सोडलं तेव्हा मी बाईंबरोबर होते. मिठाचं कसं सांगावं, याची त्यांनी रस्ताभर जुळवाजुळव केली होती. पण "अगं, ते मीठ" एवढंच तोंडातून निघालं.

"माहीत आहे," मुलगी म्हणाली. "पाकीट बघितलं होतं मी. वर लिहिलंच होतं की. तुला विचारणार होते, पण म्हटलं, आईने घातलंय म्हणजे चालत असणार."