होडीचा हात

त्या वर्षी मी एअर डिफेन्स रेजिमेंटमध्ये हवालदार होतो, आणि उस्ताद, म्हणजे जवानांना शिकवणारा. रत्नागिरीजवळच्या सड्यावर, उघड्या कातळी पठारावर, आमचा आठ दिवसांचा कॅम्प लागला. तोफांच्या सरावासाठी रेडिओवर चालणारी, बिनवैमानिकाची छोटी विमानं आली होती. ती उडवायला बारा जवानांतून दोघे निवडायचे, एवढंच काम. माझं गाव तिथून एसटीने दोन तासांवर. तरी घरी गेलो नाही. रजा मागायचाही कंटाळा आला होता.

सकाळी सहाला फॉल-इन. साडेसहाला पहिलं उड्डाण, कारण दहानंतर वारा भरायचा. विमान दूर जाताना हातातल्या रिमोटची काठी डावीकडे केली की ते डावीकडे वळतं. आपल्याकडे परत येताना मात्र सगळं उलटं दिसतं. तिथे भले भले गोंधळायचे. पाच दिवसांत तीन विमानं कातळावर आपटली. दोन उरली. ‘फेल’ लिहून लिहून माझा जीव विटला होता.

सहाव्या दिवशी लान्स नाईक महादेवची पाळी आली. दाभोळच्या मच्छीमाराचा एकुलता एक मुलगा. पास झाला तर सरावाच्या रेंजवरची नोकरी, नाहीतर आपल्या बॅटरीबरोबर, म्हणजे तोफांच्या तुकडीबरोबर, उत्तरेला, बर्फात. घरी म्हातारा बाप एकटा होता.

सहा पन्नासला टेक-ऑफ झालं. विमान सरळ दूर चाललं होतं.

“लेफ्ट टर्न.”

डावीकडे समुद्र. त्याने काठी उजवीकडे दाबली. विमान जमिनीकडे वळलं, तशी आणखी दाबली. पंख कातळाला लागला आणि खेळ संपला.

“उस्ताद, ल्हानपनापासून सुकाणू धरलंय,” तो म्हणाला. “दांडा उजवीकडं लोटला का होडी डावीकडं जाते. हात तसाच गेला. परतीला मी चुकनार नाय. एक डाव द्या.”

तो खरं बोलत होता. जिथे बाकीचे आपटत होते, तिथे त्याचाच हात बरोबर पडला असता. मला ते तिथल्या तिथे कळलं. पण विमान एकच उरलं होतं, मागे चौघे उभे होते, आणि मी थकलो होतो. कॅम्पच्या कॅप्टनसाहेबांनी निर्णय माझ्यावर सोडला.

“फेल. नेक्स्ट,” मी म्हणालो.

तो सावधान झाला, “जी, उस्ताद” म्हणाला आणि मोडलेले तुकडे गोळा करायला गेला.

त्याच हिवाळ्यात त्याच्या पोस्टवर बर्फाचा कडा कोसळला. दोघे गेले. त्यात महादेव होता.

रजेवर आल्यावर मी दाभोळला गेलो. त्याचा बाप ओट्यावर जाळं सांधत होता. मी महादेवचा उस्ताद, असं सांगितल्यावर तो आत जाऊन एक पत्र घेऊन आला. त्याला वाचता येत नव्हतं, पण ते पत्र त्याला पाठ होतं. विमान चालवायला माझी निवड झाली, म्हणून उत्तरेला धाडतायत, काळजी करू नका, असं महादेवने कळवलं होतं.

“तुमीच निवडलात ना त्याला?” म्हाताऱ्याने विचारलं. “हात बरा व्हता?”

“होय, मीच निवडलं,” मी म्हणालो. “बारा जणांत त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता.”

यातलं दुसरं वाक्य खरं होतं. ते मी सड्यावर बोलायला हवं होतं.