आहेरातला जिना

जगातली कुठलीही भिंत उद्यापर्यंत उभी राहील यावर काडीचा विश्वास नसलेला माणूस अख्ख्या खान्देशात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा! बरं, नोकरी कसली, तर धरणाच्या देखभालीची. एका जुन्या काँक्रीटच्या भिंतीच्या भेगा बुजवण्यात हयात गेली. खिशात पेन नसेल, पण छोटी हातोडी असतेच. भुसावळला आमच्या वास्तुशांतीला आले, तर देवाला हात जोडायच्या आधी खांब ठोकत सुटले. "भाऊ, हाई बठ्ठं पोकळ शे," म्हणजे सगळं घरच पोकळ, असं पाहुण्यांदेखत जाहीर केलं. भटजींनी मंत्र थांबवून वर स्लॅबकडे पाहिलं.

धरणाचा विषय निघाला की मात्र त्यांचा आवाज बसतो. "उन्हाळ्यात भोकं पाडून सिमेंट भरतो, पावसाळ्यात पाणी शेजारून निघतं. पाण्याकडच्या अंगाला नवं अस्तर दिल्याशिवाय काही खरं नाही. त्यासाठी एक उन्हाळा धरण रिकामं पाहिजे." आणि रिकामं कोण करू देतो? खाली सगळ्या केळीच्या बागा. साहेब येतात, मान हलवतात, "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात आणि बदलून जातात. आमचे साडू तेवढे तिथल्या तिथे.

म्हणून पोरीला स्थळ आलं की हा गृहस्थ पत्रिका बघत नसे, गाव विचारायचा. धरणाखालचं गाव निघालं की पाहुण्यांचा चहासुद्धा पुरा होऊ द्यायचा नाही. चांगली चांगली पोरं घालवली हो! आणि पोरीनं काय करावं? भिंतीच्या अगदी पायथ्याच्या गावातला केळीवाला स्वतःच पसंत करून ठेवला. बैठकीत यांनी व्याह्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "एक उन्हाळा रिकामं करू द्या. तुमचा शब्द गाव ऐकतं."

व्याही भला माणूस. म्हणाले, "बागा जळतील, नाना. आणि भिंतीकडे बघायला तुम्ही आहात की!"

लोक आहेरात कपाट देतात, फ्रीज देतात. यांनी पोरीच्या सासरी गच्चीवर जायचा जिना बांधून दिला. स्वतः उन्हात उभं राहून, एकेक पायरी ठोकून. मांडवात हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मीही हसलो.

परवा ते आमच्याकडे जेवायला होते. भरिताचा पहिला घास घेतला आणि बाहेर पावसानं जोर धरला. घास गिळायच्या आत त्यांनी पोरीला फोन लावला. काय करतेस विचारलं.

"गच्चीवरचे कपडे काढतेय, नाना."

"मग वरच थांब जरा."

"अहो नाना, धो धो पडतोय! भिजेन ना मी!"

"भीज माय," साडू म्हणाले. "भिजल्यानं काही होत नाही."

ताट तसंच राहिलं. त्या दिवशी त्यांनी आमचा एकही खांब ठोकून पाहिला नाही.